फोल्डिंग सायकलची बिजागरी हलतेय, घरी नीट होईल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोल्डिंग सायकल दोन-चार वर्षं रोज घडी घालून वापरली की हिंज, म्हणजे बिजागरी, ढिला होतोच, आणि मग दुकानात गेलं तर बऱ्याचदा "ह्याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या" असं ऐकायला मिळतं. पार्ट खरंच मिळत नसेल असंही होतं, पण बऱ्याच वेळा पार्टची गरजच नसते. सगळ्यात जास्त येणारे प्रश्न इथे घेतलेत. वीस इंची चाकाच्या, मधे एक हिंज आणि हँडलच्या दांड्याला एक हिंज अशा साध्या सायकली डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कारण आपल्याकडे त्याच जास्त दिसतात.

सायकल हलतेय म्हणजे बिजागरीच झिजली ना?

नाही, आणि इथेच लोक फसतात. पुढून खडखड येते, हँडल डुगडुगतं, आणि सरळ हिंज खोलायला बसतात. आधी कुठे हलतंय ते शोधा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल मागेपुढे ढकला. आता डाव्या हाताचं बोट हँडलच्या दांड्याच्या हिंजवर असं ठेवा की बोट वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांना टेकेल. त्या फटीत हालचाल असेल तर ती बोटाला लगेच कळते, डोळ्याला नाही कळत. तिथे शांत असेल तर बोट खाली हेडसेटवर न्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीत जिथे फोर्क फिरतो तिथे. पुष्कळदा ढिला हेडसेटच निघतो आणि बिजागरी बिचारी ठणठणीत असते. मधल्या हिंजसाठी सायकलच्या बाजूला उभं राहा, एक हात सीटवर, एक हात हँडलच्या दांड्याच्या बुडाशी, आणि आडवं दाबून सोडा, परत दाबा. बोट दुसऱ्या कुणाला तरी ठेवायला सांगा. सीटपोस्टचा क्लॅम्प, पुढच्या चाकाचे कोन (एक्सलवर बेअरिंग आवळून धरणारे नट) आणि ब्रेकचा बोल्ट पण एकदा बघून घ्या, हे तिन्ही हिंजसारखाच आवाज काढतात.

हिंजमध्ये नेमकं काय झिजतं?

हे एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं आहे. हिंजला दोन जाड तोंडं असतात, फोल्ड उघडला की ती एकमेकांवर बसतात. एका बाजूला पिन, जिच्याभोवती घडी फिरते. समोरच्या बाजूला लिव्हर, जो दोन्ही तोंडं ओढून घट्ट धरतो. चालवताना वजन जातं ते ह्या तोंडांमधून आणि लिव्हरच्या पकडीतून. पिनचं मुख्य काम घडी घालताना. म्हणजे लिव्हर बरोबर ताणलेला असेल तर पिन थोडी झिजलेली असली तरी चालवताना सायकल फारशी हलत नाही, आणि उलट पिन नवी कोरी आहे पण लिव्हर सैल आहे तर प्रत्येक खड्ड्यात तोंडं उघडझाप करतात, एकमेकांवर घासतात, आणि मग खरी झीज सुरू होते. तोंडांच्या कडेला काळपट राखाडी पेस्ट दिसली तर ती नुसती धूळ समजू नका, त्यात घासून निघालेली धातूची पूड असते.

म्हणून क्रम असा: आधी साफसफाई, मग लिव्हरचं ॲडजस्टमेंट, मग तोंडं तपासणं, आणि पिन-बुश (बुश म्हणजे पिन जिच्यात फिरते ती छोटी नळी) सगळ्यात शेवटी. दहापैकी बहुतेक सायकली दुसऱ्या पायरीवरच बऱ्या होतात.

लिव्हर किती टाईट हवा?

लिव्हर साधारण अर्ध्यावर आला की जोर लागायला सुरुवात व्हायला हवी आणि शेवटचा भाग तळव्याने दाबून बंद करावा लागला पाहिजे, तळव्यावर थोडा वेळ वळ दिसला तर बरोबर. एका बोटाने बंद होतोय तर सैल. पायाने किंवा पाइप लावून दाबावा लागतोय तर जास्त टाईट, आणि जास्त टाईट हे सैलपेक्षा कमी धोक्याचं आहे असं अजिबात समजू नका, कारण लिव्हरचा दांडा आणि हिंजचे कान (पिन ज्यांच्या भोकांतून जाते ते बाहेर आलेले भाग) सतत जास्त ताणात राहिले की तडा तिथूनच जातो.

ॲडजस्ट करायला लिव्हर उघडा, त्याच्या मागे आटे असलेली छोटी सळई आणि तिच्यावर नट दिसेल, काही मॉडेलला नटाऐवजी ॲलन कीचा स्क्रू असतो, काहींना एक लॉकनट वेगळा. लॉकनट असेल तर तो आधी ढिला करा. एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त फिरवायचं नाही, लिव्हर बंद करून बघायचा, परत पाव. ज्या बाजूने फिरवल्यावर लिव्हर जड होतो ती बाजू लक्षात ठेवा, सगळ्यांचं सारखं नसतं. शेवटी सेफ्टी कॅच, म्हणजे लिव्हर आपोआप उघडू नये म्हणून असतो तो छोटा खटका, तो पूर्ण बसतोय का बघा. ॲडजस्टमेंट बरोबर झाली पण खटका बसत नाही, तर ती सायकल चालवायची नाही. खटक्याची स्प्रिंग साधी असते, बदलता येते.

पाव आटा फिरवत फिरवत नट संपला तरी सैलच आहे, आता?

मग तोंडं नीट बसत नाहीयेत. कागदाचा प्रयोग करा. साध्या ८० जीएसएम झेरॉक्स कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा, जाडी साधारण ०.१ मिमी असते. पट्टी तोंडांच्या मधे वरच्या बाजूला ठेवून लिव्हर बंद करा आणि ओढा. मग मधे, मग खाली, मग पिनच्या बाजूला. सगळीकडे पट्टी अडकली किंवा फाटली तर तोंडं छान बसतायत. कुठे अलगद सुटून आली तर तिथे फट आहे.

फट कशामुळे हे बघायला फिटर लोक ब्लू मॅचिंग करतात तेच घरी करता येतं, एका तोंडावर व्हाइटबोर्ड मार्करचा पातळ थर द्या, लिव्हर बंद करून उघडा, दुसऱ्या तोंडावर जिथे शाई उमटली तिथेच धातू टेकतोय. फार वेळा असं निघतं की पेंटचा फुगा, गंजाची खपली किंवा मातीचा कडक थर एकाच कोपऱ्याला टेकू देतोय आणि बाकी सगळं अधांतरी आहे. तो कोपरा साफ केला की काम झालं. साफ करायला रॉकेल, जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं, लागलाच तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी पट्टीला गुंडाळून हलक्या हाताने. कानस लावू नका. तोंड एकदा तिरकं घासलं गेलं की घरी परत सपाट करता येत नाही.

फटीत पत्र्याची शिम (फट भरायचा पातळ तुकडा) घातली तर चालेल का?

तोंडांच्या मधे नको. तिथे शिम घातली की भार पूर्ण तोंडावर न पसरता शिमच्या तुकड्यावर येतो, आणि ती सरकली तर चालवताना अचानक सगळं ढिलं होतं.

पिनच्या बाजूला, दोन कानांच्या मधे जो वरखाली खेळ येतो, म्हणजे घडी अर्धवट उघडी असताना पुढचा भाग मागच्याच्या तुलनेत वरखाली डुगतो, तिथे मात्र शिम वॉशर हा बरोबर उपाय आहे. पितळी किंवा नायलॉनचे पातळ वॉशर मिळतात, ०.१ पासून ०.५ मिमी पर्यंत. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा पण साधारण ०.१ मिमीचा असतो आणि कात्रीने कापून गोल करता येतो, तात्पुरतं म्हणून चालेल, पण पावसाळ्याआधी बदला.

हँडलच्या दांड्याचा हिंज अगदी किंचित हलतोय, दुर्लक्ष केलं तर?

करू नका. जरा हिशोब करा. हिंजचं तोंड समजा ४० मिमी रुंद आहे आणि हँडल त्याच्या ४०० मिमी वर आहे. तोंडात एका कडेला ०.२ मिमी फट उघडली तर वर हँडल २ मिमी हलणार, दहापट. तुम्ही उतारावर जोरात ब्रेक मारता तेव्हा अंगाचा सगळा भार त्या दांड्यावर येतो. मधला हिंज सैल असेल तर सायकल वेडीवाकडी चालते, कुरकुरते, वेळ देते. हँडलचा सुटला तर वेळच मिळत नाही. दोन्ही ढिले असतील तर काम हँडलपासून सुरू करा, आणि तोपर्यंत सायकल घडी घालून कोपऱ्यात.

पिन झिजली हे कसं ओळखायचं?

घडी अर्धी उघडी ठेवून हलवलं आणि पिनच्या बाजूलाच खटखट जाणवली, आणि लिव्हर बंद करताना दोन्ही तोंडांच्या कडा एका रेषेत येत नाहीत, एक बाजू केसभर खाली राहते, तर पिन किंवा तिचं भोक गेलंय. खात्री पिन काढल्यावरच होते. पिनची टोकं कानाच्या आत घट्ट बसलेली असतात म्हणून तिथे मूळ माप टिकून असतं. व्हर्निअरने टोकाला मोजा, मग मधे जिथे फिरते तिथे मोजा, गोल फिरवून दोन-तीन ठिकाणी. टोकाला ८.०० मिमी आणि मधे ७.८५ आलं तर झीज ०.१५ मिमी. माझा ठोकताळा असा आहे की ०.०५ च्या आत असेल तर पिन साफ करून ग्रीस लावून परत घालते, ०.१ च्या वर गेली की बदलायची. व्हर्निअर डिजिटल असला तर सोपं, नसेल तर लेथवाल्याकडे स्क्रूगेज असतोच, तो लगेच मोजून देतो.

पिन काढायची कशी? ठोकून निघत नाहीये.

ठोकण्याआधी थांबा आणि नीट बघा. तीन प्रकार असतात. एक, दोन्ही टोकांना ॲलन कीची भोकं, म्हणजे ती दोन तुकड्यांची स्क्रूवाली पिन आहे, दोन कीज लावून उलटी फिरवली की सुटते. दोन, बाजूला कानात बारीक ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) लपलेला असतो, बऱ्याचदा त्याच्यावर रंग किंवा माती बसलेली असते, तो काढल्याशिवाय पिन जन्मात निघणार नाही. तीन, एका टोकाला रेघारेघांची पकड असलेली दाबून बसवलेली पिन. ही एकाच बाजूला निघते, रेघांचं टोक आधी बाहेर यायला हवं, म्हणून ठोकायचं विरुद्ध टोकावरून. उलट ठोकलं तर रेघा आख्ख्या भोकातून ओढल्या जातात आणि भोक मोठं होऊन बसतं.

काढण्याआधी केबल ढिल्या करा नाहीतर ब्रेक आणि गिअरच्या तारांवर अख्ख्या फ्रेमचं वजन येईल, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा कारण वॉशरचा क्रम नंतर आठवत नाही. सायकलच्या दोन्ही अर्ध्या भागांखाली वीट, उशी, जे असेल ते टेकू द्या. कानाच्या खाली भोक पाडलेला लाकडी ठोकळा, वरून पिनपेक्षा किंचित बारीक पंच, आणि मध्यम हातोडी. स्क्रू ड्रायव्हर पंच म्हणून वापरू नका, घसरून भोकाची कड जाते.

गंजून अडकली असेल तर, आणि कोकण-गोव्याकडे समुद्राच्या हवेत स्टीलची पिन एल्युमिनियमच्या कानात अशी काही धरते की विचारू नका, गंज सोडवणारं तेल किंवा रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून रात्रभर मुरू द्या. सकाळी ते नीट पुसून कानावर उकळतं पाणी ओता. एल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरतं त्यामुळे भोक जरासं सैल होतं, लगेच ठोका. गॅसची ज्योत किंवा ब्लोटॉर्च लावू नका, तेल पेट घेईल ते एक, आणि एल्युमिनियमची ताकद उष्णतेने उतरते ते दुसरं, ते डोळ्यांना दिसत पण नाही.

नवीन पिन कुठून आणू? साधा बोल्ट टाकला तर?

कंपनीचा सुटा भाग मिळत असेल तर तोच घ्या, बाकी खटपट त्यानंतर. मिळत नसेल तर माप घेऊन बनवून घेता येते आणि हे काम कुठल्याही बऱ्या लेथवाल्यासाठी किरकोळ आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात भोसरी, कोल्हापुरात उद्यमनगर, अशा भागात डॉवेल पिन (अचूक मापाची गुळगुळीत पिन), सिल्व्हर स्टीलच्या (अचूक घासलेल्या पोलादाच्या) सळया, गनमेटलचे (एक प्रकारच्या कांस्याचे) बुश सगळं मिळतं.

साधा ८ चा बोल्ट नको, ह्याचं कारण मापात आहे. बाजारातल्या बोल्टचा गुळगुळीत भाग ८ म्हणतात तरी ७.८ पर्यंत असू शकतो, म्हणजे झिजलेली पिन काढून झिजल्याएवढीच बारीक नवीन पिन घातली. आणि आटे फिरणाऱ्या भागात आले तर ते कानसेसारखे भोक खातात.

दुकानात डॉवेल पिन मागितली की बहुतेक एम६ फिटची मिळते (हे मापातल्या फरकाच्या दर्ज्याचं नाव, ६ मिमीचा बोल्ट नव्हे), ती ८ मिमीपेक्षा ६ ते १५ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) जाड असते, दाबून बसवायला बनवलेली. जिथे पिन घट्ट बसायची तिथे ठीक, पण जिथे फिरायची तिथे अडकेल. एच६ मापाची मागा, ती ८.०० किंवा त्याहून जास्तीत जास्त ९ मायक्रॉन बारीक असते. हे आकडे लेथवाल्याला सांगितले तर तो पण तुमच्याशी नीट बोलतो!

भोकच लांबट झालंय.

मग नुसती पिन बदलून उपयोग नाही. आत बुश असेल तर नशीब, जुना बुश दाबून बाहेर काढा आणि त्याच मापाचा नवीन बसवा. घरी प्रेस नसतो पण लांब बोल्ट, नट आणि योग्य मापाचा सॉकेट वापरून बुश हळूहळू ओढून बसवता येतो, हातोडीपेक्षा हे कितीतरी चांगलं कारण बुश सरळ जातो. बसवल्यावर बुशचं आतलं माप थोडं आवळतं, पिन घालून बघा, जड गेली तर रीमरचा (भोक आतून नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराचा) एक हलका हात.

बुश नसेल, पिन थेट फ्रेमच्या धातूत फिरत असेल, तर भोक रीम करून जाड पिन किंवा नवीन बुश बसवावा लागतो, आणि हे काम मी घरी करायला सांगणार नाही. हँड ड्रिलने केलेलं भोक गोल येत नाही आणि सरळ तर नाहीच. ते लेथवाल्याकडे द्या आणि एकच गोष्ट आवर्जून सांगा, हिंज बंद करून, लिव्हर लावून, सगळे कान एका दमात रीम कर. वेगवेगळे केले तर भोकं एका रेषेत येत नाहीत आणि मग सायकल कायमची एका बाजूला ओढते. भोकाभोवती धातू आधीच पातळ असेल तर चांगला कारागीर स्वतःच नाही म्हणेल, त्याचं ऐका.

बारीक तडा दिसतोय, आर्गन वेल्डिंग करून घेऊ का?

एल्युमिनियमच्या फ्रेमला नाही. ह्या फ्रेम बऱ्याचदा ६०६१ सारख्या मिश्रधातूच्या असतात आणि वेल्डिंगनंतर कारखान्यात भट्टीत ठेवून त्यांची ताकद परत आणलेली असते, त्यालाच टी६ म्हणतात. गल्लीतल्या आर्गनवाल्याचं वेल्डिंग दिसायला सुंदर असेल, पण त्याच्या शेजारचा पट्टा मऊ पडतो आणि भट्टी त्याच्याकडे नसते. पुढचा तडा वेल्डच्या बाजूला जातो. स्टीलच्या फ्रेमला अनुभवी माणूस ब्रेझिंग (पितळ वितळवून जोडणं) किंवा वेल्डिंग करू शकतो, तरी हिंजचं तोंड उष्णतेने वाकलं तर परत तोच प्रश्न.

तडा आहे की नुसता रंग फुटलाय हे घरी बघायची जुनी पद्धत आहे. जागा पूर्ण साफ करा, रॉकेल लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. हिंज आणि नळीच्या जोडाची कड, पिनच्या भोकाभोवती आणि लिव्हरच्या दांड्याचं मूळ, ह्या तीन जागा नक्की बघा. रेघ उमटली तर सायकल बंद. वॉरंटी अजून असेल तर कंपनीशी बोला, काही कंपन्या फ्रेमला जास्त वर्षं देतात, बिल शोधून ठेवा.

माझी ब्रॉम्प्टन (इंग्लंडची फोल्डिंग सायकल) आहे, मुलाने लंडनहून आणली. तिलाही हेच लागू?

अर्धं. ब्रॉम्प्टनला असा दाबून बंद करायचा लिव्हर नसतो, एक पकडपट्टी आणि फिरवून आवळायचा दांडा असतो. ती पट्टी झिजते आणि पट्टी बदलणं घरी पाच मिनिटांचं काम आहे, बोल्टसकट सेट मिळतो, येताना आणायला सांगा. हिंजची पिन आणि बुश मात्र बदलताना रीम करावे लागतात आणि त्याची हत्यारं खास असतात, ते अधिकृत वर्कशॉपचं काम. फ्रेम सहसा स्टीलची असल्याने वेळ असतो, घाईने काही ठोकू नका.

कुठलं वंगण लावू?

पिनला लिथियम ग्रीस, साधं, पातळ थर. तोंडांना काही नाही, कोरडी आणि स्वच्छ. लिव्हर जिथे फिरतो तिथे एक थेंब तेल. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा स्प्रे गंज सोडवायला छान आहे पण तो टिकाऊ वंगण नाही, उलट आधीचं ग्रीस धुऊन टाकतो. ग्रब स्क्रूला निळं लॉकटाइट, लाल नको, परत कधी काढायचा असतो.

सगळं जोडलं, आता थेट ऑफिसला जाऊ का?

आधी सोसायटीच्या आवारात. पुढचा ब्रेक दाबून पुढेमागे, मग उभं राहून पेडल, मग स्पीडब्रेकरवरून हळू. घडी पाच-सहा वेळा घाला-उघडा आणि लिव्हरचा जोर परत बघा, नवीन बुश आणि वॉशर बसतात तसा तो थोडा उतरतो. पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर पाव आटा लागेल, तो लावा. कागदाची पट्टी परत एकदा घाला. आणि फोल्डिंगवर डबलसीट कुणालाच बसवायचं नाही, हिंज एका माणसाच्या हिशोबाने बनवलेला असतो, कमाल वजन फ्रेमवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं.

सेकंड हँड घेताना हिंजचं काय बघू?

विकणाऱ्यासमोरच घडी घालून बघा. लिव्हरचा नट किती आटे शिल्लक आहेत ते बघा, शेवटाला पोचलेला असेल तर तोंडं गेलीत असं धरून चाला. तोंडांवर चमकदार घासलेला पट्टा एकाच कोपऱ्यात आहे की सगळीकडे सारखा, हिंजच्या जवळ फ्रेमवर नवीन रंगाचा ठिपका आहे का, तिथे बोट फिरवून वेल्डचा उंचवटा लागतो का. लिव्हर आणि पिन बदलता येतात, पण हिंजची तोंडं फ्रेमला वेल्ड केलेली असतात, ती सुटी मिळत नाहीत, त्यामुळे भाव करायचा तो ह्याच गोष्टीवर.